ज्येष्ठ गुरुभगिनीस (इयत्ता तिसरी, तुकडी ब)

तीर्थस्वरूप गुरुभगिनी,
इयत्ता तिसरी, तुकडी ब, यांचे सेवेशी,

धाकट्या गुरुभगिनीचा (वय वर्षे 61) शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्र खुलं लिहिते आहे. बंद पाकिटात दिलं असतं तर आपल्या मातोश्रींनी ते आधी उघडलं असतं आणि शुद्धलेखन तपासून मला परत केलं असतं. त्यापेक्षा सगळ्यांनीच वाचलेलं बरं.

प्रथम अधिकाराचं बोलू. गाण्याबजावण्यात ज्येष्ठता जन्मदाखल्यावर ठरत नाही, गंडा कोणी आधी बांधला त्यावर ठरते. आपल्या क्लासात गंडा नाही, दर महिन्याला क्यूआर कोड आहे, पण शिस्त तीच. आपण पहिलीत असताना सरांसमोर पेटी घेऊन बसलात. मी बसले ती गेल्या दिवाळीनंतर, निवृत्तीचे सगळे कागद मार्गी लागल्यावर. तेव्हा मान आपला. मी खुर्चीवर आणि आपण खाली सतरंजीवर, याचा भलता अर्थ काढू नये. ती खुर्ची गुडघ्यांसाठी आहे.

आता तक्रार. परवा माझं ‘सारेग, रेगम, गमप’ कुठेही न अडखळता वरच्या सापर्यंत गेलं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्यात आणि “व्वा आजी!” म्हणालात. आपलं बघून कोपऱ्यातल्या दोन तबलेवाल्यांनीही वाजवल्या, ज्यांची दोघांची वयं मिळून मतदान करता येणार नाही. नोकरीत मी जन्मभर कॅश पैशापर्यंत जुळवली. एकदाही कोणी टाळी वाजवली नाही आणि माझी झोप शाबूत राहिली. चुकल्यावर कोणी हसलं तर ते परवडतं. बरोबर आल्यावरचं कौतुक मात्र जिव्हारी लागतं, कारण लोकांनी आपल्याकडून किती थोडं धरलं होतं ते त्यातून समजतं.

आपल्याला हे कळायचं नाही. आपण चुकलात की “अय्या!” म्हणता आणि तीच ओळ पुन्हा घेता. मी चुकले की आधी दाराकडे बघते, कोणाचे पालक येऊन उभे नाहीत ना!

दुसरी तक्रार आपल्याविरुद्ध नाही, माझ्या अनामिकेविरुद्ध आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असे सा-रे-ग झाले की अंगठा बोटांखालून सरकवून मध्यमावर न्यायचा, हे आपण दप्तराची चेन लावता लावता समजावून सांगितलंत. माझा अंगठा तिथे पोचेपर्यंत भात्यातली हवा संपते. पुढे निषादावर अनामिका एकटी ठेवायची, तर ती करंगळीला बरोबर घेऊन निघते, मधल्या बोटालाही ओढते. मेहुण्यांना दाखवलं. ते डॉक्टर आहेत. म्हणाले, या बोटांच्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना बांधलेल्याच असतात, लहानपणापासून सराव असेल तर त्या जरा मोकळ्या वागतात. मग पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, “पण ताई, आता या वयात?”

हे वाक्य आपल्या कानावर अजून आलं नसेल, म्हणून सांगते. ते नेहमी काळजीच्या सुरात येतं आणि मागोमाग चहा मागतं. माझा भाऊ म्हणाला, शेजारच्या वहिनी म्हणाल्या. वहिनींनी तर पर्यायही सुचवला, भजनी मंडळात टाळ वाजवायला जावं. टाळाला वय लागत नाही असा त्यांचा समज आहे. वारीत टाळकऱ्यांच्या रांगेत त्या कधी उभ्या राहिलेल्या दिसत नाहीत.

मेहुण्यांनी मात्र पुरावाही धाडला. 1995 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी इतरांपेक्षा जास्त जागा राखलेली आढळली, आणि ज्यांनी लहानपणी वाद्य धरलं त्यांच्यात ती अधिक होती. वाचलं, पटलं. त्यात वादक नऊच होते, म्हणून मी वाद घालणार नाही. आपल्या मेंदूत पेटीला तीन खोल्यांचा फ्लॅट मिळेल आणि मला कॉमन पॅसेजमध्ये चप्पल ठेवण्यापुरती जागा, हे मला मान्यच आहे. माझी अडचण एवढीच, की सवाई गंधर्व महोत्सवात मंचावर बसण्याची माझी मागणी कधी नव्हतीच. मला भूप वाजवायचा आहे, स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत, दुपारी, दार लावून. त्याला मेंदूत किती चौरस फूट लागतात, ते त्या संशोधनात दिलेलं नाही.

उलट बाजूचे हितचिंतकही आहेत. भाचा रोज सकाळी प्रेरणा पाठवतो. एकदा पंडित हरिप्रसाद चौरसियांचा फोटो पाठवून खाली लिहिलं, ‘सुरुवातीला वय नसतं’. हरिजी पैलवानाच्या घरातले, संगीताच्या वाटेला लागले ते पंधराव्या वर्षाच्या आसपास. पंधराव्या वर्षी, गुरुभगिनी! आमच्या सोसायटीत पंधराव्या वर्षी दहावी म्हणून पेटी माळ्यावर जाते. त्यांची खरी उशिराची गोष्ट भाच्याला माहीत नाही. रेडिओ झाला, सिनेमात नाव झालं, आणि त्यानंतर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. नव्याने शिकायची तयारी पटावी म्हणून उजवीकडे धरायची बासरी त्यांनी डावीकडे घेतली. आलेला हात टाकून दिला आणि नवशिके झाले. त्यांना कोणी “या वयात?” विचारलं असेल की नाही कोण जाणे, पण बोटांनी नक्की विचारलं असणार.

आता एक नाजूक विषय. मागच्या आठवड्यात जिन्यात आपल्या मातोश्री सरांना म्हणत होत्या, “हिला जरा उशीरच झाला हो, बी विंगमधली चार वर्षांची असताना बसली होती.” मी दोन पायऱ्या खाली होते. कठडा धरला. आपलं वय आठ. आपल्याला उशीर झालाय! मग माझ्या बाबतीत जो झालाय त्याला दुसरा शब्द शोधायला हवा. नंतर कळलं की मातोश्रींनी तक्ताच केला आहे: प्रारंभिक यंदा, मग प्रवेशिका, नववीच्या आत मध्यमा, म्हणजे शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीच्या निकालात येतील. तक्ता फ्रिजवर लावलाय, असं आपणच सांगितलंत, आणि मग निरागसपणे विचारलंत, “आजी, तुमची दहावी कधी आहे?”

माझी झाली. त्या काळी पेटीचे गुण दहावीला नव्हते, लग्नाला होते. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ‘गाणं-वाजवणं येतं का’ हा प्रश्न ‘स्वयंपाक येतो का’च्या लगेच पुढचा. आमच्या घरी पेटी थोरल्या बहिणीला शिकवली. तिचं लग्न ठरलं आणि पेटी भंगारात नाही, पण तिच्यावर गाद्या रचल्या गेल्या. बहिणीने पुन्हा ती उघडली नाही आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नाही, काम झालं होतं ना! मला शिवण शिकवलं. शिवणाचा उपयोग जास्त.

तेव्हा गुरुभगिनी, ‘या वयात’ याचा हिशेब मी असा लावला आहे. पेटी कोणालाच नुसती शिकू देत नाहीत. बहिणीने स्थळासाठी शिकायची, आपण टक्क्यांसाठी. माझ्याकडे आता ना स्थळ यायचं आहे, ना निकाल लागायचा आहे. मी शिकले तर त्यातून कोणाला काही वसूल होत नाही. ज्यातून वसुली नाही त्या खात्याला आम्ही बँकेत ‘अनुत्पादक’ म्हणत असू. घरचे मायाळू आहेत, ते ‘वय झालं’ म्हणतात.

आणि ज्या वाद्यापुढे आपण बसतो त्याची तरी कुंडली बघा. ही बाई एकोणिसाव्या शतकात पॅरिसला जन्मली. तिकडे तिला खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायचे. कोलकात्याला द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून मागे हातभाता लावला, आणि चांगली मोठी झालेली ही फिरंगीण आमच्या बैठकीवर मांडी घालायला शिकली. (माझा प्रवास उलटा चालू आहे.) एवढं करूनही तिला मींड येत नाही. सावरून रेवर घसरत जाणं तिच्या नशिबी नाही, एक पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते. याच आणि परकी असल्याच्या ठपक्यावरून रेडिओने तिला 1940 पासून 1971 पर्यंत दाराबाहेर उभं केलं. गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीचा मोठा माणूस 1955 साली गेला, तेव्हाही ती बाहेरच होती. आज कुठल्याही मैफलीला जा, गायकाच्या शेजारी कोण बसलेलं असतं? मींड अजूनही येत नाही.

आता मूळ कामाचं. गुरुपौर्णिमेला सर ‘प्रारंभिक विद्यार्थ्यांचं समूहवादन’ ठेवणार आहेत. राग भूप. नवशिके म्हणून मला आपल्याच रांगेत बसवणार आहेत, दोन्ही बाजूंना फ्रॉक आणि मध्ये नऊवारी. समोर सगळे पालक मोबाइल उंचावून. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. पण गंधारावरून पंचमावर जाताना माझं बोट वाटेत मध्यमावर टेकतंच, आणि पेटीचा स्वर असा की एकदा वाजला की तो वाजला.

यावर तोड आपणच काढली होती. सर फोनवर बोलायला बाहेर गेले तेव्हा आपण माझ्या पेटीशी येऊन म्हणालात, “आजी, काळी तीनला सा धरा आणि फक्त काळ्याच वाजवा.” वाजवल्या. काळी तीन, काळी चार, काळी पाच, मग वरची काळी एक, काळी दोन. सा, रे, ग, प, ध. अख्खा भूप, पाचच्या पाच काळ्या! मध्यम पांढरीवर राहिला, माझं बोट त्याच्या वाऱ्यालाही जाईना. सर आत आले आणि म्हणाले, “हे काय, सगळ्यांनी पांढरी एकच धरायची.” आपण लगेच जागेवर जाऊन बसलात. मी विश्वासघात म्हणणार नाही.

तरी विनंती अशी, की आपण ज्येष्ठत्वाचा मान राखून सरांकडे शब्द टाकावा आणि यंदाचं समूहवादन काळी तीनमध्ये घ्यायला लावावं. मी सांगितलं तर सर म्हणतील, आजींना सोपं हवंय. आपण सांगितलंत तर म्हणतील, काय हुशार मुलगी आहे! कारण विचारलं तर सांगावं की काळ्या पट्ट्या उंच असतात, छोट्या हातांना बऱ्या पडतात. माझं नाव मध्ये आणू नये.

आपली आज्ञाधारक,
धाकटी गुरुभगिनी

ता. क. : शब्द टाकूनही सर बधले नाहीत, तर निदान माझ्या डाव्या हाताला बसावं आणि भाता जोरात मारावा.