दोन प्रश्न आणि एक शेपटी

मायामीच्या बंदरावर आमच्या हिच्या पिशवीतून डिंकाचे लाडू निघाले आणि क्रूझची रांग थांबली. न्यू जर्सीत भाच्याच्या स्वयंपाकघरात दोन दिवस खपून केलेले एकवीस लाडू. तपासणीवरच्या बाईंनी हातमोजे चढवून त्यातला एक उजेडात धरला आणि जाहीर केलं, की घरी केलेलं अन्न जहाजावर चालत नाही. हे अन्न नाही, गुडघ्यांचं औषध आहे, असं हिने भाच्याकरवी कळवलं. बाई गोड हसल्या. लाडू पिंपात गेले.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या रांगेतून एक बाबागाडी सुळकन आत गेली. गाडीत बाळाऐवजी पांढरा, कुरळा पूडल बसला होता. अंगात लाल जाकीट, जाकिटावर ‘सर्व्हिस डॉग’ अशी अक्षरं. हातमोजे घातलेल्या बाईंनी त्याला वाकून ‘हाय’ केलं.

“मामी, तो कामावर आहे,” भाचा म्हणाला.

“गाडीत बसून?” ही म्हणाली. “मग तुझ्या मामांनीही कचेरीत तेहेतीस वर्षं कामच केलं म्हणायचं.”

पुढचे सात दिवस आमच्या जहाजावर एकच वाद गाजला : कुत्र्याने क्रूझवर यावं की नाही? आम्ही पैसे भरले होते कॅरिबियन समुद्र पाहायचे, पण समुद्र काय, आमच्या अलिबागलाही आहे. तेव्हा आम्ही समुद्राकडे पाठ केली आणि वादाकडे तोंड.

मामला कायद्याचा आहे. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या नियमांप्रमाणे सेवाश्वान म्हणजे अपंग माणसासाठी ठरावीक काम शिकलेला कुत्रा. कोणी अंधाला वाट दाखवतो, कोणी बहिऱ्या माणसाला दार वाजल्याचं कळवतो, कोणी मधुमेह्याच्या रक्तातली साखर उतरली की वासावरून ओळखून त्याला ढोसतो. २०११पासून या यादीत फक्त कुत्रा उरला. मांजर, माकड, पोपट सगळे बाद झाले. ठेंगण्या घोड्यासाठी मात्र वेगळं कलम ठेवलंय. घोडा ठेंगणा हवा आणि जागेत मावायला हवा. वरातीतला चालणार नाही.

आता ही जहाजं सुटतात मायामीहून, भरतात अमेरिकन माणसांनी, पण त्यांच्यावर झेंडा असतो बहामाचा नाहीतर पनामाचा. झेंडा परका, मग कायदा आमच्यावर कसा चालेल, हा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली ‘स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या खटल्यात न्यायालयाने सांगितलं, की अमेरिकेच्या पाण्यात असताना हा कायदा परक्या झेंड्याच्या जहाजालाही लागू आहे. जहाजाच्या अंतर्गत कारभाराची घडी तेवढी विस्कटता कामा नये.

या कायद्याची खरी गंमत पुढे आहे. दारावरच्या माणसाने कुत्र्याच्या धन्याला दोनच प्रश्न विचारायचे. एक : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का? दोन : त्याला काय काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता ते विचारायचं नाही, प्रशिक्षणाचा दाखला मागायचा नाही, ‘जरा करून दाखवू दे’ असंही म्हणायचं नाही. बोटीवर वाटेतल्या बंदरांसाठी लसीकरणाचे कागद लागतात, पण अपंगत्वाचे नाहीत.

मराठी माणसाला हे ऐकून भोवळच यायची. आपण जिवंत आहोत, हे दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी सिद्ध करणारी माणसं आम्ही. आमच्याकडे दाखला आहे, म्हणून खोटा दाखला आहे. बदल्यांचा मोसम आला की ठणठणीत माणसांना अचानक ऐकू येईनासं होतं आणि यादी लागली की टाचणी पडलेलीही ऐकू येते. तिकडे दाखलाच नाही, म्हणून खोटं जाकीट आहे. ते घरबसल्या मागवता येतं. सोबत कुत्र्याच्या फोटोचं ओळखपत्र आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्रही मिळतं. कायद्याच्या लेखी या सगळ्याची किंमत शून्य, पण दारावरचा माणूस कायदा वाचत नाही, जाकीट वाचतो.

पूर्वी या मंडळींना जाकिटाची गरज पडत नसे. ‘भावनिक आधार’ एवढे दोन शब्द पुरत. विमानात त्या आधारावर डुक्करही चढून गेलं. २०१८च्या जानेवारीत न्यूअर्कच्या विमानतळावर एक बाई मोर घेऊन आल्या. कार्तिकस्वामी मोरावर बसून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले होते. इथे मोरच प्रदक्षिणेला निघालेला. त्याला चढू दिलं नाही. २०२०च्या डिसेंबरात अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नवा नियम आणला आणि भावनिक आधाराच्या प्राण्यांना सेवाप्राणी मानायची सक्ती विमान कंपन्यांवरून उठली. मोठ्या क्रूझ कंपन्याही त्यांना घेत नाहीत. मग काय झालं? जे भावनिक आधार होते, ते एका रात्रीत सेवाश्वान झाले. आपल्याकडे उपरणं बदललं की निष्ठा बदलते; तिकडे जाकीट बदललं की शिक्षण पूर्ण होतं.

फ्लोरिडाच्या कायद्यात या सोंगाला शिक्षा आहे. खोटं सांगून कुत्र्याला सेवाश्वान म्हणून फिरवणं हा गुन्हा, आणि त्यात ३० तास समाजसेवा करायची, तीही अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत. कुत्रा सेवा करत नाही ना, मग धन्याने करावी. शिक्षा लिहिणारा नक्कीच मूळचा पुण्याचा असणार. अडचण एवढीच, की पकडायचं कसं? विचारायला प्रश्न दोनच, आणि दोन्हींची उत्तरं जाकिटासोबत छापून येतात.

आमच्या पूडलचं काम काय होतं, ते आम्ही नाश्त्याला पाहिलं. तो खुर्चीवर बसून चिनी मातीच्या बशीतून ऑम्लेट खात होता. हिने स्वतःची बशी तीनदा बदलून आणली. शेजारच्या टेबलावर यावरून परिषद भरली : आरोग्य, स्वच्छता, केसांची अ‍ॅलर्जी. परिषदेचे अध्यक्ष दणकून शिंकले, तोंडावरचा हात खाली घेतला आणि त्याच हाताने बुफेतला सार्वजनिक चिमटा उचलून टरबूज वाढून घेतलं. क्रूझवर उलट्या-जुलाबाची साथ येते तेव्हा बहुतेकदा त्यामागे नोरोव्हायरस असतो आणि तो मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो. कुत्र्याला चिमटा धरता येत नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायला हवी.

सेवाश्वानाच्या विधीसाठी जहाजावर एक पेटी ठेवतात. साधारण चार फूट लांब, चार फूट रुंद, आत झाडाच्या सालींचा चुरा. सोळा चौरस फूट, समुद्राच्या वाऱ्यासह. मुंबईत एवढ्या जागेला बिल्डर ‘स्टुडिओ’ म्हणेल. शिकलेला कुत्रा त्या पेटीत निमूट जाऊन येतो. आमचा पूडल पेटीपर्यंत गेला, हुंगून परतला आणि सातव्या मजल्याच्या गालिच्यावर मोकळा झाला. त्याला काय काम शिकवलंय, या प्रश्नाचं ते पहिलं प्रामाणिक उत्तर होतं.

तसा कुत्र्यांचा बोटीशी जुना संबंध. १९१२ साली टायटॅनिकवर डझनभर कुत्री होती, त्यांतली तीन वाचली, तिन्ही बुटकी, कोणाच्या तरी कुशीत मावणारी. ‘क्वीन मेरी २’ ही बोट साउथहॅम्प्टन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यान आजही पाळीव कुत्री नेते. वरच्या मजल्यावर त्यांच्यासाठी २४ पिंजऱ्यांचं वसतिगृह आहे, त्यावर खास अधिकारी नेमलाय आणि दोन्ही देशांच्या श्वानांची गैरसोय नको, म्हणून इंग्लिश दिव्याचा खांब आणि अमेरिकन आगीच्या पाण्याचा नळ असे दोन्ही उभे केलेत. धन्याने तिथे भेटायला जायचं, कुत्र्याने खोलीत यायचं नाही. साधा, स्वच्छ करार. पाळीव तो पाळीव, कोणाला जाकीट नाही.

आणि सरकारी डोकं चाललं की काय होतं, ते पाहायला दक्षिण आफ्रिकेतल्या सायमन्स टाउनला जावं. तिथला एक थोराड ग्रेट डेन खलाशांबरोबर आगगाडीतून विनातिकीट फिरायचा. रेल्वेने त्याला मारून टाकायची धमकी दिली. खलाशी हळहळले. ब्रिटिश नौदलाने १९३९च्या ऑगस्टमध्ये त्याला रीतसर भरती करून टाकलं, कारण खलाशांना रेल्वेप्रवास फुकट होता. अर्जावर नाव ‘जस्ट’, आडनाव ‘न्यूसन्स’, व्यवसाय ‘हाडं फोडणे’. भरतीचा आणखी कोणताही अर्ज इतका खरा भरला गेला नसेल.

आता कोणी म्हणेल, ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं. तर कुत्र्याला वाहनात घ्यायचं की नाही, हा खटला आपल्याकडे महाभारताच्या शेवटीच उभा राहिला होता. इंद्र रथ घेऊन आला, युधिष्ठिर चढणार, तर मागे कुत्रा. इंद्र म्हणाला, स्वर्गात कुत्रा चालत नाही. आजचे दोन प्रश्न लावून पाहा. अपंगत्वामुळे लागतो का? नाही. काय काम शिकवलंय? काही नाही, नुसता मागून आलाय. म्हणजे शुद्ध भावनिक आधार. इंद्राचं म्हणणं सध्याच्या नियमांना धरूनच होतं. पण युधिष्ठिराचं वर्तन बघा. आयुष्यात एकदाच त्याने प्राण्याच्या नावावर अर्धसत्य रेटलं, ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणाला, आणि चार बोटं वर चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. दुसऱ्यांदा प्राण्याचा प्रश्न आला तेव्हा तो स्वर्ग सोडायला तयार झाला, पण कुत्र्याला जाकीट घातलं नाही.

आमच्या बोटीवर दुसराही एक कुत्रा होता, हे चौथ्या दिवशी कळलं. काळा लॅब्राडोर. तीन दिवस तो आमच्या मागच्याच टेबलाखाली जेवणाच्या तिन्ही वेळा पडून असायचा, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी पूडल बाबागाडीतून त्याच्यावर भुंकत सुटला. लॅब्राडोर उठला, धन्याच्या आणि बाबागाडीच्या मधे उभा राहिला. एवढंच. भुंकला नाही. धनी उठला, पट्ट्याची कडक मूठ धरली आणि दोघं खुर्च्यांच्या चक्रव्यूहातून कुठेही धक्का न लागता निघून गेले. तेव्हा आमच्या लक्षात आलं, की गृहस्थांना दिसत नाही.

पण त्या दिवसापासून बोटीच्या नजरा फिरल्या. पूडलने डाग पाडला गालिच्यावर, उमटला तो लॅब्राडोरवर. लिफ्टपाशी लोक त्या गृहस्थांकडे संशयाने बघू लागले. “खरंच आंधळा आहे का हो?” परिषदेचे अध्यक्ष टरबुजाच्या फोडीआडून कुजबुजले. नाट्यगृहाच्या दाराशी विचारणा, उपाहारगृहाच्या दाराशी विचारणा. प्रश्न दोनच खरे, पण दर दारात विचारले की दिवसाला चाळीस होतात. तो माणूस प्रत्येक वेळी शांतपणे उत्तरं द्यायचा. बाबागाडीला मात्र कोणी थांबवत नव्हतं. तिच्या जाकिटावर सगळं लिहिलेलं होतं.

१९२८ साली मॉरिस फ्रँक नावाचा विशीतला अंध तरुण अमेरिकेहून स्वित्झर्लंडला निघाला. तिथे त्याला कुत्रा मिळणार होता. आंधळा माणूस एकटा कसा पाठवायचा, म्हणून त्याला अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीच्या हवाली केलं, पार्सल म्हणून. बोटीवर नेमलेला माणूस त्याला ठरल्या वेळी डेकवर फिरवून आणायचा आणि परत खोलीत घालून कुलूप लावायचा. स्वित्झर्लंडमध्ये तो बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर चालायला शिकला. परतीच्या बोटीवर कुलूप नव्हतं. तो बडीला घेऊन वाटेल तेव्हा, वाटेल तिथे फिरला. न्यूयॉर्कला उतरल्यावर वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत त्याने बडीबरोबर गाड्यांनी वाहणारी वेस्ट स्ट्रीट ओलांडली. पुढच्या वर्षी ‘द सीइंग आय’ ही अमेरिकेतली मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा सुरू झाली. एका कुत्रीने पार्सलाचा प्रवासी केला होता. आमच्या बोटीवर उलटं चाललं होतं : चार पाय असलेल्या धडधाकट प्राण्याचं पार्सल करून, चाकांवर घालून फिरवत होते.

सातव्या दिवशी उतरताना सामानाच्या रांगेत बाबागाडी आमच्या पुढे होती. तिच्या दांड्याला कोणीतरी बॅगेची चिठ्ठीही बांधली होती. शेजारून लॅब्राडोर आपल्या माणसाला घेऊन उतारावरून झपाझप गेला. लिफ्टपाशी त्याच्याकडे टवकारून पाहणाऱ्यांत आम्हीही होतो, म्हणून आम्ही माना खाली घालून वाट दिली.

“पुढच्या वेळी,” ही हळूच म्हणाली, “लाडवांच्या डब्याला लाल जाकीट शिवते. विचारू देत दोन प्रश्न. कशामुळे लागतात? गुडघ्यांमुळे. काय काम करतात? जिना चढवतात. आणि गालिचाही खराब करत नाहीत.”

मी घाईघाईने युधिष्ठिराची गोष्ट काढली. रथ, स्वर्ग, चार बोटं, सगळं सांगितलं. हिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“तो हिमालय चढून गेला होता,” ही म्हणाली. “त्याचे गुडघे दुखत नव्हते.”