भिंतीपलीकडची

आमच्या दुर्ग-भिलाईकडे भाद्रपदातल्या चतुर्थीला गणपती आणि क्षमायाचना बहुधा एकाच सकाळी घरी येतात. इकडे मोदकांचं सारण परतायला घ्यावं, तर तिकडे फोनवर 'मिच्छामि दुक्कडम्'ची रांग लागलेली. श्वेतांबर जैनांची संवत्सरी. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल, तर त्याची क्षमा मागायची. कापडदुकानदार मागतो, दातांचे डॉक्टर मागतात (त्यांनी मागावी हे मला रास्तही वाटतं). दिगंबरांची क्षमावाणी अनंत चतुर्दशी उलटल्यावर येते, म्हणजे गणपती गेले तरी क्षमा मागणारे संपत नाहीत. ज्याने खरोखर दुखावलं त्याचा निरोप मात्र त्यात कधी नसतो, आणि आपलं बोट नेमकं त्यालाच शोधत खाली सरकत राहतं.

राग धरून ठेवणं हे तसं कष्टाचं काम. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू केली. फर्नेस एकदा पेटली की तिला रविवार नाही. दल्ली-राजहऱ्याचं खनिज, नंदिनीची चुनखडी, कोक, सगळं तिन्ही पाळ्यांत वरून घालतच राहायचं. थंड पडू दिली तर लोखंड आत थिजतं आणि फोडून काढावं लागतं. रागातही 'त्या दिवशी ती काय म्हणाली' हे असंच रोज ओतावं लागतं. फक्त रात्रपाळीचा भत्ता मिळत नाही.

माझ्या मावशीने सेक्टरमधल्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात अशी भट्टी वर्षानुवर्षं चालवली. तिच्या आंब्याची एक फांदी भिंतीपलीकडे गेली होती. पलीकडे तेलुगू कुटुंब, आणि त्या बाईंनी फांदीवरच्या कैऱ्यांची आवकाय, म्हणजे त्यांच्याकडचं तिखट लोणचं, घातली. कैऱ्या नेल्या याचं मावशीला काही नव्हतं. वाटीभर चवीलासुद्धा दिली नाही, याचं होतं. कारखान्यात साऱ्या देशातून माणसं आलेली, त्यामुळे भांडायचं ते हिंदीत, आणि दोघींची हिंदी भाजीबाजारापुरती. 'आपको शरम नहीं आता' इथवर येऊन शब्द संपत. उरलेला संताप मग दोघी आपापल्या स्वयंपाकघरात, आपापल्या मातृभाषेत भांड्यांवर काढत.

राखीच्या दुसऱ्या दिवशी इथल्या छत्तीसगढी बायका भोजली, म्हणजे टोपलीत उगवलेले गव्हाचे कोंब, तळ्यावर नेऊन शिरवतात, आणि त्यातलेच कोंब एकमेकींच्या कानावर खोवून जन्माची मैत्री जोडतात. त्यानंतर मैत्रिणीचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली' म्हणूनच हाक मारायची. मावशीनेही शेजारणीचं नाव कधी घेतलं नाही. ती 'पलीकडची'. आज दिवा उशिरा लागला, पलीकडचीला बरं नसावं. चार दिवस कुकरची शिट्टी नाही, पलीकडची माहेरी गेली वाटतं. इतकी बारीक दखल मावशीने काकांचीही घेतली नसेल.

मग पलीकडचे साहेब निवृत्त झाले आणि मंडळी क्वार्टर सोडून विशाखापट्टणमला निघाली. आदल्या संध्याकाळी भिंतीवर आवकायची बरणी येऊन बसली. मावशीने 'तिखट फार घालतात बाई' म्हणत म्हणत ती त्याच उन्हाळ्यात संपवली. क्षमा वगैरे कुणी कुणाची मागितली नाही. तेवढी हिंदी दोघींनाही येत नव्हती.

नवे शेजारी मात्र मावशीच्या मनात भरलेले नाहीत. भली माणसं आहेत, दिसली की नमस्ते करतात, आपल्या अंगणात पडलेली कैरीसुद्धा उचलून भिंतीवर आणून ठेवतात.

"आमच्या कैऱ्यांत काय खोट दिसली यांना?" मावशी मला विचारते.