डावा पाय आणि तारापूरचा वारा

क्लच प्लेट जळाली की करपट वास येतो आणि माणूस सावध होतो, हा नियम बोईसरला लागू नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत इथलं तारापूर देशात पहिलं आलं होतं. अशा हवेत एका प्लेटीच्या वासाला कोण विचारतो? आमचे शेजारचे काका तर "आज कोणी काय सोडलंय?" म्हणत काच वर करतात. सोडलेलं असतं त्यांच्याच बॉनेटखाली.

त्यांचा डावा पाय क्लचवर कायमचा मुक्कामाला असतो. शिफ्ट सुटली की एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकर, कंपन्यांच्या बस आणि रिक्षा एकमेकांत अडकतात, आणि काका हाफ क्लचवर इंच इंच सरकतात. "पाय नुसता ठेवलाय, दाबलाय कुठे?" हा त्यांचा बचाव. पण नुसत्या ठेवलेल्या पायानेही रिलीज बेअरिंग झिजतं, प्लेटीची पकड ढिली पडते. मग इंजिन ओरडतं, गाडी मात्र हलत नाही. गॅरेजवाला पोरगा एकदा म्हणाला, "काका, पाय ठेवायचाय तर घरी टीपॉयवर ठेवा!"

पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीत तर ते चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरतात आणि एका हाताने नमस्कार करतात. नमस्कार वाघोबाला, नैवेद्य क्लच प्लेटीचा. हँडब्रेक शेजारी बसून बघत असतो. उतारावर पेट्रोल वाचवायला क्लच दाबून ठेवतात, तेही उलटंच: इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो. शिवाय आजच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप बंद करतात. म्हणजे बचत शून्य, धोका फुकट.

खरी भीती पेडल खाली जाऊन वर न येण्याची. हायड्रॉलिक क्लचमध्ये हे बहुधा ऑइल गळल्याने किंवा हवा शिरल्याने होतं, आणि बऱ्याच गाड्यांत क्लच व ब्रेकला ऑइल एकाच डबीतून जातं. चालत्या गाडीत असं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, चारही इंडिकेटर लावा, ब्रेक मारत डावीकडे या. इंजिन आचके देत बंद पडेल, पडू द्या. धावत्या गाडीची चावी मात्र काढू नका, स्टीअरिंग जड होतं, लॉकही होऊ शकतं.

आणि पाण्याची बाटली पायाशी ठेवू नका. क्लचखालून ब्रेकखाली जायला तिला एक वळण पुरतं.