पासवर्ड फ्रीजवर, धाड दारावर

कर्जतच्या फार्महाऊसवर शनिवारी पाहुणे उतरले की तलावात उड्या नंतर पडतात, आधी वायफायचा पासवर्ड विचारला जातो. फ्रीजच्या दारावर चिकटपट्टीने लावलेल्या कागदावर तो असतोच: फार्महाऊसचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. गेल्या वर्षीही तोच होता. कर्जत-खालापूर भागात कडाव, कशेळे, चौक, खोपोली, कुठेही जा, चित्र फारसं वेगळं नाही. गट येतात, जातात. कनेक्शन मात्र मालकाच्या नावावर. त्या वायफायवरून कोणी काहीही उद्योग केला, तरी कंपनीच्या नोंदीत मालकाचंच नाव निघणार.

हा धोका कल्पनेतला नाही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत एटीएस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोचलं. तिथे राहत होता एक अमेरिकन, आणि त्याचं वायफाय भलत्याच कोणी वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वायफाय तशाच ईमेलसाठी वापरलं गेलं.

त्याच्या आदल्या वर्षीचं प्रकरण तर संताप आणणारं आहे. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी झाली, म्हणून ऑगस्ट 2007 मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला उचललं. आधार होता आयपी ॲड्रेसचा, म्हणजे इंटरनेट कनेक्शनला मिळणाऱ्या क्रमांकाचा. इंटरनेट कंपनीने दिलेला तपशील चुकीच्या ग्राहकाचा निघाला. तोवर त्या निरपराध माणसाचे सुमारे 50 दिवस तुरुंगात गेले होते.

त्यानंतर कायद्यांनी नोंदी ठेवायला लावण्याचा धडाकाच लावला. सायबर कॅफेच्या 2011 च्या नियमांत ओळखपत्र बघा, वापराची नोंद किमान एक वर्ष ठेवा, असं आलं. आता माहिती तंत्रज्ञान कायद्यातली सायबर कॅफेची व्याख्या वाचा: धंद्याच्या ओघात लोकांना इंटरनेट देणारी कोणतीही सुविधा. यात भाड्याने दिलेलं फार्महाऊस बसत नाही, असं छातीठोकपणे कोण सांगेल? एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 180 दिवसांच्या नोंदी सांभाळायला सांगितल्या, व्हीपीएनवाल्यांना तर ग्राहकाची माहिती आणि त्याला दिलेले आयपी 5 वर्षं.

जपून ठेवायचं किती, हे सगळ्यांनी सांगितलं. चुकीच्या नोंदीमुळे निरपराध माणूस आत गेला तर भरपाई कोण देणार, याचं ठोस उत्तर मात्र या नियमांत नाही. शिवाय मोबाईल कंपन्या आणि कितीतरी ब्रॉडबँडवाले एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटतात. अशा ठिकाणी सेकंदापर्यंतची वेळ आणि पोर्ट नंबर जोडल्याशिवाय तो आयपी एका माणसाकडे बोट दाखवूच शकत नाही. सकाळचे सात आणि संध्याकाळचे सात यांत गफलत झाली, तरी बेडी दुसऱ्याच्याच हातात.

पाहुण्यांकडून घेतलेल्या माहितीबाबत वैयक्तिक डेटाचा 2023 चा कायदा कामाचा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तेव्हापासून 18 महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती कशासाठी घेता हे ग्राहकाला सांगायचं, आणि त्याने मागितलं तर मराठीतही सांगायचं. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची मर्यादा 250 कोटी. आज मात्र बुकिंगच्या वेळी व्हॉट्सॲपवर मागवलेले आधारचे फोटो केअरटेकरच्या मोबाईलमध्ये, त्याच्या घरच्या लग्नाच्या फोटोंशेजारी, पडून असतात. नेमकं जे जपायचं, तेच उघड्यावर.

कर्जत-खालापूरच्या मालकांनो, पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय करा. गट गेला की पासवर्ड बदला. कोण कधी राहिलं याची वही नीट ठेवा, पण आधारचे ढीग साठवू नका. नोंद ठेवत असाल तर तसं मराठीत लिहून दारावर लावा.

आणि सरकारने एक ओळ नियमांत घालावी: अचूक वेळ आणि पोर्ट नंबर तपासल्याशिवाय, नुसत्या आयपीवर कोणालाही अटक करता येणार नाही.