हिरड्यांची फिर्याद

मनुष्यदेहाच्या दरबारात दातांना जो मानमरातब लाभला, तो हिरड्यांच्या वाट्याला कधीच आला नाही. कुंदकळ्यांपासून मोत्यांपर्यंत यच्चयावत उपमा कवींनी दातांवर उधळल्या. परंतु ज्यांच्या आधारावर ती रत्ने उभी असतात, त्या हिरड्यांसाठी कोणी अर्धी ओळ खर्ची घातल्याचे माझ्या वाचनात नाही. या उपेक्षेमुळेच असेल, पण अनेक वर्षे मुकाट्याने चाकरी केल्यानंतर माझ्या हिरड्यांनी, अर्जविनंत्यांचे मधले टप्पे गाळून, एके सकाळी बेसिनमध्ये एकदम तांबड्या शाईनेच फिर्याद रुजू केली.

दंतवैद्यांचा निकाल संक्षिप्त होता. "मऊ ब्रश घ्या, आणि रक्त येतं तिथेही घासा, भिऊन ती जागा सोडलीत तर थर साचेल आणि रक्त वाढेल." हुकूम दोन ओळींचा, त्याच्या अंमलबजावणीत माझी एक अख्खी संध्याकाळ औषधांच्या दुकानात खर्च झाली. कारण तेथे 'सॉफ्ट', 'एक्स्ट्रा सॉफ्ट', 'अल्ट्रा सॉफ्ट' आणि 'सेन्सिटिव्ह' अशी मार्दवाची चढती श्रेणी भिंतीवर टांगलेली होती, आणि आंबा हुंगून, कलिंगड वाजवून, गव्हाचा दाणा दाताखाली फोडून खरेदी करण्याची ज्याची वहिवाट, त्या मजसारख्या गिऱ्हाइकाला मोहरबंद प्लॅस्टिकच्या आडून मऊपणाची पारख करणे प्राप्त होते.

"यातला खरा मऊ कोणता?" मी विचारले.

"काका, सगळ्यांवर तसंच लिहिलंय," दुकानदार वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाला. पुण्यात यापेक्षा अधिक मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवणे हा उद्धटपणा ठरतो.

वास्तविक हा मामला मोजमापाचा आहे. ब्रशच्या केसाची जाडी सुमारे 0.2 मिलिमीटर असेल तर तो मऊ, 0.3 असेल तर मध्यम आणि 0.4 असेल तर कठीण, असा ढोबळ हिशेब आहे. शिवाय केसाचे टोक गोलसर घासलेले हवे, नाहीतर बारीक केसही टोचतो. परंतु माझ्या हाती आलेल्या वेष्टनांवर कोळसा, कडुलिंब, मीठ आणि मुठीला रबराची पकड असा सारा तपशील नमूद होता. हा एवढा आकडा तेवढा गैरहजर होता.

मऊ ब्रश ही तशी अलीकडची सोय. पूर्वी ब्रशला डुकराचे केस लावीत, ही वार्ता आमच्या सोवळ्या आजीच्या कानी गेली नाही म्हणूनच घरात शांतता राहिली. 1938 सालच्या फेब्रुवारीत ड्यूपाँ कंपनीच्या नायलॉनचे ब्रश अमेरिकेत विक्रीस आले. पण ते आरंभीचे केस इतके ताठ होते की हिरड्यांना सुसह्य असे नायलॉन यायला 1950 च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. आमच्या चरकाचार्यांनी मात्र चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दातवणाचा विधी सांगताना, टोक ठेचून दिवसातून दोनदा आणि हिरड्यांना इजा होऊ न देता, अशी स्पष्ट ताकीद देऊन ठेवली आहे. बाभळीचे दातवण वापरणाऱ्यालाही ती ताकीद लागत होती, याचा अर्थ दोष लाकडाचा नव्हे, हाताचाच असला पाहिजे.

आणि आमचा हात कसा, ते घरात जगजाहीर आहे. कोणत्याही ब्रशचे केस माझ्याकडे पंधरवड्यात चहूबाजूंनी फिस्कटतात. "अहो, दात घासताय की मोरी?" हा प्रश्न मला नित्याचा आहे. घाम आल्याखेरीज स्वच्छता झाली असे मानायचेच नाही, हा आमच्या पिढीचा संस्कार. त्यापायी उजव्या हाताने घासणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या दातांची मुळे बहुधा आधी उघडी पडतात. डॉ. चार्ल्स बास या अमेरिकन वैद्यांनी 1948 साली सांगितलेली पद्धत अगदी उलट आहे: केस हिरडीच्या कडेशी 45 अंशांत टेकवायचे आणि जागच्या जागी अलगद हलवायचे. आरशासमोर हा कोन साधताना शाळेतील भूमिती आठवते, आणि त्या विषयातले माझे गुणही. लेखणीसारखा बोटांत धरला की ब्रशवर जोर करताच येत नाही, एवढी युक्ती मात्र साधली आहे.

अखेर मी सर्वांत स्वस्त, लहान डोक्याचा, साधा 'सॉफ्ट' ब्रश घेतला आणि तो उत्तम चालला आहे. वाचकांनीही मुठीच्या रबरासाठी जादा पैसे मोजू नयेत. ब्रश तीन-चार महिन्यांनी, केस फिस्कटले तर त्याआधीच बदलावा. आणि रक्त दोन आठवड्यांत थांबले नाही, तर दुकानदाराशी हुज्जत न घालता सरळ दंतवैद्याची पायरी चढावी, कारण दातावरून मागे सरकलेली हिरडी आपण होऊन परत येत नाही.