शर्यतीनंतरचा वेग

पोलीस भरतीचं ग्राऊंड देऊन आलेला पोरगा पुणे-नगर रस्त्यावर वाडेगव्हाण फाट्याला उतरतो, तोवर त्याचं टायमिंग वीस सेकंदांनी सुधारलेलं असतं. फाट्यावरून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून राळेगणसिद्धीत शिरेपर्यंत आणखी काही सेकंद गळतात. यादवबाबांच्या देवळापाशी ओळखीचे दोघेतिघे विचारतात, तिथे थोडे जातात. घरी पाय धुता धुता तो आईला सांगतो, "तीन सेकंदांनी गेलं गं." आई म्हणते, "मेल्यांना तीन सेकंद थांबता आलं नाही?"

हा तीन सेकंदवाला पारनेर-श्रीगोंद्यापासून पार आष्टी-पाटोद्यापर्यंत कुठेही भेटतो. शर्यत संपल्यावर वेग घेणारा धावपटू म्हणून त्याची नोंद कुणी अजून केलेली नाही, एवढंच. आणि तीन हा आकडाही त्याने उगाच धरलेला नाही. एक म्हटलं तर लोक हसतात. दहा म्हटलं तर "सराव कमी पडला" असं कुणीतरी बोलून दाखवतं. तीनमध्ये हळहळ बरोबर बसते. ऐकणारा आपणहून जिभेने च्यक् करतो, आणि चहा सांगतो.

आता हिशेब बघा. पुरुषांना सोळाशे मीटर, म्हणजे चारशेच्या मैदानाला चार राऊंड. 5 मिनिटे 10 सेकंदांत आलात तर 20 पैकी 20 गुण. राऊंडला साडेसत्याहत्तर सेकंद पडतात. हे गणित तीन सेकंदवाल्याला झोपेतही येतं, पण शिट्टी वाजली की डोक्यातून उडतं. पहिला राऊंड तो असा मारतो, की कुंपणाबाहेरची पोरं "कुणाय रं ह्यो?" म्हणून विचारतात. दुसऱ्यात ते प्रश्न थांबतात. तिसऱ्यात याला स्वतःलाच तो प्रश्न पडतो. चौथा राऊंड त्याच्या सांगण्यात कधी येतच नाही. शंभर मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण असतात. गोळा खरं तर हातात घेऊन फेकायचा, याला तो तिसऱ्या राऊंडलाच पोटरीत येतो.

कारणांच्या बाबतीत मात्र राळेगणच्या पोराची फार कुचंबणा होते. दुसऱ्या गावात सोपं असतं. "संगत वाईट होती, पुडीची सवय लागली, दम गेला" असं म्हटलं की विषय मिटतो, वर पोरगा सुधारला म्हणून कौतुकही होतं. इथे दारूच्या भट्ट्या बंद होऊन जमाना लोटला, दुकानात विडी-तंबाखू मागायची सोय नाही. व्यसन नसलेल्या माणसाने दम कुठे घालवला हे सांगायचं कसं? दुष्काळही नावावर घेता येत नाही, कारण पाणी अडवून जिरवलेलं गाव म्हणून देशभरातून माणसं हे गाव बघायला येतात. म्हणून तो बिचारा कारणं बाहेरून आणतो. ट्रॅकवर चिखल होता. चेस्ट नंबर उशिराचा आला, ऊन चढलं. पुढचा पडला, त्याच्यावरून उडी मारावी लागली. पायाच्या चिपने वेळ उशिरा धरला. आणि सगळ्यात भारी कारण, "फॉर्मच चुकीच्या जिल्ह्यात भरला." जिल्हा बदलला की मैदान चारशेचं राहत नाही अशी त्याची समजूत असावी.

गाव बघायला येणारे पाहुणे हा त्याचा खरा आधार. नालाबांध बघायला सकाळी सकाळी बस थांबते आणि समोरून हा घामाघूम धावत येतो. निर्व्यसनी गावातला आदर्श तरुण! पाहुणे मोबाइल काढतात. त्या वेळी तो जो काय सुटतो, तसा ग्राऊंडवर सुटला असता तर आज नाक्यावर गाड्या अडवत असता.

घरात मात्र वडील असतात. त्यांचं एक वाक्य गावभर झालेलं आहे. राळेगणच्या शाळेने नापास पोरांना मुद्दाम प्रवेश दिला, वसतिगृहात ठेवलं, मार्गाला लावलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. वडील म्हणतात, "बाहेरची नापास पोरं इथं येऊन पास झाली. आमचं इथलं बाहेर जाऊन नापास होतंय." यावर तीन सेकंदवाल्याकडे उत्तर नाही. एरवी असतं. अण्णा हजारे सैन्यात गाडी चालवत होते, 1975 साली गावी परतले, म्हणजे गावाला फौजेची परंपरा आहे, असं कुणी सुनावलं की तो शांतपणे म्हणतो, "तवा पायाला चिप नव्हती बांधत."

आणि मग तो साबळ्यांना मध्ये आणतो. अविनाश साबळे हे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे, म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडली की शेजारीच. टोकियो ऑलिंपिकमध्ये ते तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 18.12 सेकंदांत धावले, स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला, तरी गटात सातवे आले आणि अंतिम फेरी हुकली. दुसऱ्या गटातले त्यांच्याहून हळू धावलेले पुढे गेले. "विक्रम करून माणूस बाहेर, काय राव! नशीबच लागतं," असं म्हणून हा उसासा टाकतो. साबळ्यांनी पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटे 11.20 सेकंद वेळ देऊन रौप्य घेतलं, सोनं 0.05 सेकंदाने गेलं, हा भाग तो सांगत नाही. एकतर त्यात मधे वर्षभराचा सराव येतो. दुसरं म्हणजे 0.05 पुढे आपले तीन सेकंद फारच ढोबळ दिसतात.

लग्नाच्या बायोडाटात "पोलीस भरतीची तयारी चालू" ही ओळ शिक्षणाच्या खाली आणि शेतीच्या वर असते. मुलीकडचे विचारतात, किती वर्षं चालू? मामा मध्ये पडून म्हणतो, तीन सेकंदांचाच प्रश्न आहे. गंमत अशी, की त्या मुलीने स्वतः आठशे मीटरचं ग्राऊंड दिलेलं असतं. ती पोह्यांची बशी पुढे करत विचारते, "राऊंडला किती पडत होते?" असला प्रश्न याला आजवर कुणी विचारलेला नसतो. पोहे कोरडे झालेत असं तो सांगतो.

खुल्या गटाला 28 आणि आरक्षितांना 33 ही वयाची अट आहे, त्यामुळे एक दिवस सरकारच त्याची शर्यत थांबवते. इथून पुढे तो फार सुखी होतो. माळावर चुन्याने राऊंड आखतो, शिट्टी आणि स्टॉपवॉच घेतो, फ्लेक्स लावतो, अकॅडमी सुरू. तिथे तो कुणाला एक सेकंद सोडत नाही. "सर, चिखल होता" म्हणणाऱ्या पोराला जादा दोन राऊंड. पोटरी धरून बसणाऱ्याला चार. पोरं खरोखर पुढे जातात, एखाददुसरं लागतंही, आणि पेढ्याचा पहिला घास सरांना मिळतो.

फक्त ग्राऊंडच्या आदल्या रात्री, सगळं शिकवून झाल्यावर, तो पोरांना जवळ बोलावतो आणि आवाज खाली आणून सांगतो, "आणि हे बघा, टायमिंग लागलं की आधी घरी फोन करायचा. बरोबरच्या पोरांच्या आधी."