घोड्यांच्या वाटेवर नाना-माई

अहो वहिनी, जरा इकडे कुंपणाशी या की! कढीपत्ता देते तोडून, पण आधी ऐका. बँकेतले नाना आणि माई परत आलेत. लेकीकडे व्हिएन्नाला गेले होते ना, तेच. तुम्हाला वाटेल नातवाला खेळवलं, चार चर्चं बघितली, झालं. छे हो! दोघं सायकलवरून फिरून आलेत. जर्मनीतल्या पासाऊपासून थेट व्हिएन्नापर्यंत, डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास!

झालं ना तोंड उघडं? माझंही तसंच झालं. नानांना मारुती रोडला भाजी आणायची तर रिक्षा लागते आणि माईंची सायकल सुटली ती लग्न ठरल्यावर. गल्लीत लगेच सुरू झालं, या वयात कसली ही थेरं, लेकीनं भरीला घातलं असणार. समोरच्या काकू तर म्हणाल्या, फोटोपुरते टेकले असतील सीटवर. मग मीच माईंना काल दुपारी चहाला बोलावलं आणि सगळं काढून घेतलं. आता माझं मत ऐका. नाना-माईंचं कौतुक आहेच, पण त्यातलं बारा आणे कौतुक त्या वाटेचं आहे.

त्याचं असं आहे. पूर्वी तिकडे मालाच्या नावा प्रवाहाच्या उलट वर न्यायच्या तर घोडे जुंपायचे. एकदोन नव्हे, डझनावारी. जाड दोर बांधायचे आणि घोड्यांनी काठावरून ओढत न्यायचं. घोड्यांना चालायला म्हणून नदीला चिकटून सपाट पट्टी राखलेली. 1830 नंतर आगबोटी आल्या, हळूहळू घोडे गेले, पट्टी मात्र राहिली. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या लोकांनी ती नीट केली आणि सायकलवाल्यांच्या हवाली केली. म्हणून त्या वाटेला चढ असा नाहीच! उलट पासाऊ ते व्हिएन्ना नदी दीडशे मीटरही उतरत नाही, तरी उतार तो उतारच. त्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर. माईंची तर बॅटरीची सायकल. पायडल तुम्हीच मारायचं, बॅटरी मागून नुसता हात लावते. बॅगाही पाठीवर नाहीत. सकाळी लॉजच्या दारात ठेवायच्या, गाडीवाला पुढच्या मुक्कामी नेऊन पोचवतो.

आणि मुख्य म्हणजे गाड्या नाहीत. गावात शिरलं की थोडा साधा रस्ता लागतो, तेवढाच. बाकी नदी, झाडी, मक्याची शेतं. माई म्हणाल्या, पहिल्या दिवशी नाना सवयीनं सारखी घंटी वाजवत होते आणि पुढे चिटपाखरू नाही! आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागून कुणी सायकल चालवून दाखवावी, मी हार घालीन.

नाना पक्के सांगलीकर, हे विसरू नका. पासाऊला तीन नद्या मिळतात. एक काळपट, एक हिमनदीच्या पाण्याची दुधट हिरवी आणि मधली डॅन्यूब. सगळे लोक संगमाचे फोटो काढत होते. आणि नाना? नगरपालिकेच्या जुन्या मनोऱ्यापाशी मान वर करून उभे. भिंतीवर पुराच्या खुणा आणि साल! 2013 च्या जूनमध्ये पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं, त्याहून वर फक्त 1501 सालचा पूर. नानांनी तिथल्या दुकानदाराला मोबाइलवर 2019 च्या पुरातला कृष्णेवरचा आपला आयर्विन पूल दाखवला. दोघांना एकमेकांची भाषा येईना, पण अर्धा तास हातवारे करत पुराच्याच गोष्टी चालल्या होत्या म्हणे. माई सायकल धरून उन्हात उभ्या.

पण खरी गंमत पुढेच. ग्राइन म्हणून नदीकाठी एक छोटं गाव आहे. तिथं 1791 चं नाट्यगृह आहे, अजून चालू. आपल्या विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते 1843 साली, म्हणजे हे त्याच्या बावन्न वर्षं आधीचं. नाट्यपंढरीचा माणूस तो, नाना सोडतात होय? सायकल लावली आणि आत. आत काय, तर खुर्च्यांना कुलपं! पूर्वी ज्यानं वर्षाची जागा घेतली असेल त्याच्याकडे किल्ली असायची. तो आला नाही तर खुर्ची मिटलेलीच राहायची, दुसऱ्यानं टेकायचंसुद्धा नाही. आपल्याकडे पहिल्या रांगेतल्या पासवाल्यांसाठी अशी कुलपं हवीत, असं नाना म्हणाले. पुढे ऐका. तेव्हा संडासही प्रेक्षागृहातच असायचा, मध्ये नुसता पडदा. अहो खरंच! नाटक चुकायला नको म्हणून. आणि शेजारीच गावाची कोठडी, तिच्या भोकातून कैद्यांनाही नाटक दिसायचं. फुकट! माई हसून हसून बेजार झाल्या हे सांगताना.

सगळी वाट अशी हसरी नाही हो. ग्राइनच्या अलीकडे माउटहाउझेन लागतं. 1938 ते 1945 तिथं नाझींची छळछावणी होती. ग्रॅनाइटच्या खाणीतून पाठीवर दगड घेऊन कैद्यांना 186 पायऱ्या चढायला लावायचे. सायकली खाली लावून दोघं वर जाऊन आले. माई त्यावर फार बोलल्या नाहीत, मीही खोदलं नाही.

मग आलं वाखाउचं खोरं. मेल्कच्या पिवळ्याधमक मठापासून क्रेम्सपर्यंत, छत्तीसेक किलोमीटर. 2000 सालापासून ते जागतिक वारशात आहे. दोन्ही बाजूंना डोंगर आणि डोंगरावर द्राक्षं. तासगावसारखे मांडव नाहीत. नुसते दगड रचून पायऱ्या केल्यात उतारावर, मातीचा कण खाली जाऊ नये म्हणून. तिथले शेतकरी आपली वाइन आपल्याच अंगणात विकतात, 1784 साली बादशहानं तशी मुभाच दिलीय. दारावर डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली की समजायचं, आज चालू आहे. नानांनी घेतली का, असं मी सरळच विचारलं. माई म्हणाल्या, “छे गं, द्राक्षाचा रस होता तो.” मी काही बोलले नाही. पण त्या दिवशीचा पुढचा टप्पा दोघांनी सायकली बोटीवर चढवून पार केला, हेही माईंनीच सांगितलं. तुम्ही काय समजायचं ते समजा.

तिथं नदी ओलांडायची तर पुलासाठी लांब जावं लागत नाही. श्पिट्झ गावाशी नाव आहे आणि तिला इंजिनच नाही! या काठापासून त्या काठापर्यंत वर जाड तार ताणलीय, नाव त्या तारेला बांधलेली. नावाडी तिचं तोंड जरा तिरकं करतो आणि नदीचं पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. परत येताना उलट तिरकी. ना डिझेल, ना धूर, ना आवाज. नानांनी उगाच दोन खेपा जास्त मारल्या.

त्याच खोऱ्यातल्या ड्युर्नश्टाइन गावाची गोष्ट तर आपल्या भांडणांत शोभेल. इंग्लंडचा राजा रिचर्ड, तो सिंहाच्या काळजाचा म्हणतात तो, धर्मयुद्धाहून परतताना 1192 च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ सापडला आणि इथल्या डोंगरावरच्या किल्ल्यात कोंडला गेला. रागाचं मूळ काय? त्या युद्धात एक शहर जिंकल्यावर ऑस्ट्रियाच्या सरदारानं आपला झेंडा लावला होता, तो याच्या माणसांनी काढून फेकला. झेंड्यावरून! मग चांदीची प्रचंड खंडणी घेऊन सोडला. त्यातल्या वाट्यातून व्हिएन्नाचा कोट बांधला, म्हणजे इंग्लंडच्या रयतेच्या पैशात. आता किल्ल्याची पडझड झालीय. माई वर चढल्या नाहीत, खाली गावात बसून जर्दाळूचे गोळे खाल्ले. बटाट्याच्या पिठाची पारी, आत अख्खा ताजा जर्दाळू, बी काढून तिथं साखरेचा खडा. उकडायचा आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचा. मोदकाचा परदेशातला चुलतभाऊच म्हणा ना. जुलैत तिथं जर्दाळू पिकतात, म्हणून लेकीनं मुद्दाम तेव्हाच नेलं. माईंनी कृती लिहून आणलीय, गणपतीत करणार आहेत. चव बघून मग नावं ठेवू.

तर वहिनी, तुम्हाला नि भाऊजींना जायचं मनात आलं तर पासाऊहूनच निघा. व्हिएन्नाहून उलटं निघालात तर वारा तोंडावर येतो, मग बॅटरीही पुरायची नाही. आणि सीटवर जेलचं कव्हर घालून घ्या. माईंनी नाही घातलं, काल त्या माझ्याकडे उशी घेऊन बसल्या होत्या.

हां, आणखी एक. नाना आल्यापासून डोक्यात घेऊन बसलेत की सांगलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत कृष्णेच्या काठानं अशी वाट व्हायला हवी. फक्त चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची. पुरात वाहून जाईल, असं मी म्हटलं. तर म्हणाले, डॅन्यूबला काय पूर येत नाही? दर वेळी गाळ काढतात आणि पुन्हा खुली करतात. मला उत्तर सुचेना. अर्ज लिहून तयार आहे, रविवारी घरोघर सह्या घ्यायला निघणार आहेत. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. पण दारात आले की सही करा.